एका विकराची रचना, आणि न सापडलेली नऊ अमिनो आम्ले

एका चयापचयी विकराची, म्हणजे एन्झाइमची, त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने ठरवून ती प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या सार्वजनिक संग्रहात जमा करून खुली करायला मला सव्वादोन वर्षे लागली. हे काम सुरू करताना मी या विषयावरची पाठ्यपुस्तके वाचली होती, पण कोणत्या टप्प्यावर किती थांबावे लागते, कोणता कागद कधी लागतो आणि हाती आलेल्या गोष्टीवर कधी विश्वास ठेवायचा, हे त्या पुस्तकांत नव्हते. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे त्यांच्यासाठी ते सारे तारखांसह येथे लिहून ठेवत आहे.

विकर होता लॅक्टेट डीहायड्रोजिनेज. पायरुव्हेटचे लॅक्टेट करणे, आणि ते करताना एनएडीएच या सहविकराचे पुन्हा एनएडी करून देणे, हे त्याचे काम. ऑक्सिजन कमी पडला तरी ग्लुकोजचे विघटन चालू राहते ते या उलाढालीमुळे. या कुळातला शार्क माशाचा विकर मायकेल रॉसमन यांच्या गटाने १९७० च्या सुमारास उलगडला होता आणि एनएडीला धरून ठेवणाऱ्या त्यातल्या घडीला आजही रॉसमन घडी म्हणतात. मग माझ्यासाठी उरले काय होते? मी घेतलेला विकर एका जिवाणूतला होता, त्याची रचना कोणी ठरवलेली नव्हती, आणि मला त्यातला एकच भाग पाहायचा होता: सक्रिय स्थानावर, म्हणजे अभिक्रिया होते त्या जागेवर, झाकणासारखा मिटणारा लूप (प्रथिनाच्या साखळीचा वळसा). पायरुव्हेट आत आल्यावर तो मिटतो, त्याच्याबरोबर एक आर्जिनीन आत सरकते, आणि मगच अभिक्रिया होते. हे मिटणे हाच या विकराच्या कामातला सर्वांत सावकाश टप्पा आहे. पायरुव्हेट दिले तर अभिक्रिया होऊन जाईल, म्हणून त्याच्यासारखे दिसणारे पण अभिक्रिया न करणारे ऑक्झामेट देऊन मला मिटलेला लूप पकडायचा होता.

जनुक बसवलेले प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडे होते. ३ मार्च २०२२ रोजी विनंती पाठवली आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी आनंदाने होकार दिला, तेव्हा आठवड्याभरात काम सुरू होईल असे वाटले. नमुना हस्तांतरणाचा करार दोन्ही संस्थांच्या विधी विभागांतून फिरून सह्यांसह परत येईपर्यंत सात आठवडे गेले. त्यातले तीन आठवडे तो अर्ज एका टेबलावर पडून होता, कारण मी ‘वापराचा हेतू’ या रकान्यात एकच शब्द लिहिला होता. त्या रकान्यात दोन-तीन पूर्ण वाक्ये लिहावीत, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क आपल्याकडे राहतो की नाही ते सही करण्यापूर्वीच पाहावे. २१ एप्रिलला गाळण कागदाच्या तुकड्यावर वाळवलेला एक थेंब पाकिटातून आला. त्या दिवशी मी एक चूक केली जी मला जवळजवळ दोन वर्षांनी भोवली: आलेल्या प्लाझ्मिडचा डीएनए क्रम स्वतः तपासून घेतला नाही.

मे महिना प्रथिन बनवण्यात गेला. ई. कोलायच्या नेहमीच्या बीएल२१ वाणात ३७ अंशांवर, प्रथिन बनवणे सुरू करणारे आयपीटीजी घालून वाढवले तर जेलवर ३५ किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचे एकक) जागी ठसठशीत बँड दिसला, पण सेंट्रिफ्यूजनंतर सारे प्रथिन गाळात होते आणि वरच्या द्रावात काहीच नव्हते. तापमान १८ अंशांवर आणले, आयपीटीजी पाचपट कमी केले आणि रात्रभर, सुमारे १६ तास, वाढू दिले, तेव्हा एका लिटरमागे बारा मिलिग्रॅम विरघळलेले प्रथिन मिळू लागले. पुढचा क्रम ठरलेला आहे: निकेलच्या कॉलमवर हिस्टिडीनच्या शेपटीने प्रथिन अडकवणे, इमिडाझोलने सोडवणे, टीईव्ही प्रोटिएजने शेपूट कापणे आणि शेवटी आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममधून काढणे. तिथे १४० किलोडाल्टनच्या आसपास एकच सुबक शिखर आले, म्हणजे चार उपघटक एकत्र आले होते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते आणि एनएडी शोषत नाही, त्यामुळे पायरुव्हेट घातल्यावर यंत्रावरचा आकडा झरझर उतरताना पाहिला की विकर जिवंत असल्याची खात्री होते. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि तो प्रत्येक खेपेला करावा, कारण नुसता शुद्ध दिसणारा बँड विकर काम करतो आहे की नाही हे सांगत नाही.

क्ष-किरणांनी रचना ठरवायची तर प्रथिनाचे स्फटिक लागतात. त्यांचा पहिला प्रयत्न ११ जुलैला केला. ९६ खाचांच्या चार प्लेटी, म्हणजे ३८४ वेगवेगळी द्रावणे, आणि प्रत्येक थेंबात १०० नॅनोलिटर प्रथिन. यंत्रमानवाने थेंब टाकल्यामुळे या सगळ्याला एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम असलेले प्रथिन जेमतेम ३८ मायक्रोलिटर लागले. चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत, धारदार कडांचे स्फटिक दिसले आणि मी मार्गदर्शकांना रात्री साडेदहाला छायाचित्र पाठवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: ‘सुई लावून पाहिलीस का?’ प्रथिनाचा स्फटिक सुईच्या टोकाने चुरतो, कारण त्याचा जवळजवळ अर्धा भाग पाणीच असतो, तर मिठाचा स्फटिक कडकन वाजतो. माझा वाजला. तरीही मला ते मान्य करवेना, म्हणून आठवडाभर थांबून मी तो प्रयोगशाळेतल्याच क्ष-किरण यंत्रावर ठेवला, तेव्हा चित्रावर एकमेकांपासून लांबलांब, थोडेच आणि झगझगीत ठिपके उमटले. प्रथिनाचे ठिपके दाट आणि जवळजवळ येतात, मिठाचे असे. माझे प्रथिन फॉस्फेटच्या द्रावणात होते आणि त्या खाचेत कॅल्शियम होते, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक मिळाले, यात नवल काहीच नव्हते. फॉस्फेटमुळे एनएडीएचही लवकर खराब होते हे मला नंतर कळले. स्फटिकांसाठी ठेवायचे प्रथिन फॉस्फेटमध्ये ठेवू नये, आणि शंका आली तर थेंबात मेथिलीन ब्लू घालावे: प्रथिनाच्या स्फटिकातल्या पाण्याच्या वाटांतून रंग आत शिरतो आणि तो निळा होतो, मीठ कोरडे ते कोरडेच राहते.

ऑगस्टभर प्रथिन नव्याने ट्रिसच्या द्रावणात बनवले आणि ५ सप्टेंबरला पुन्हा प्लेटी लावल्या. या वेळी प्रत्येक थेंबात ताजे एनएडीएच आणि पाच मिलिमोलर ऑक्झामेट होते. अकराव्या दिवशी एका खाचेत, १.८ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये, वाळूच्या कणांएवढे बोथट स्फटिक दिसले. सुईखाली ते चुरले. पुढचे पाच आठवडे सल्फेटचे प्रमाण आणि आम्लता थोडीथोडी बदलत २४ खाचांच्या प्लेटी लावण्यात गेले. स्फटिकांचा चुरा नव्या थेंबांत बीज म्हणून घातल्यावर मात्र ०.२ मिलिमीटर लांबीचे स्फटिक नेमाने येऊ लागले. हे पाच आठवडे कंटाळवाणे होते आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

सिंक्रोट्रॉन या अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरचा बीमटाइम, म्हणजे ते वापरण्याची वेळ, मागण्यासाठीचा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरला. त्यात वैज्ञानिक हेतू दोन पानांत, आतापर्यंतच्या स्फटिकांचा पुरावा, अपेक्षित स्फटिकांची संख्या, आणि नमुना कोणत्या जैवसुरक्षा पातळीचा आहे याचे स्वतंत्र घोषणापत्र मागतात. आमचे काम प्रसिद्ध करण्याच्या अटीवर असल्यामुळे बीमटाइमला शुल्क नव्हते. खर्च झाला तो स्फटिक पाठवण्याचा आणि वेळेचा. डिसेंबरात मंजुरी आली आणि ९ फेब्रुवारी २०२३ च्या रात्रीचे आठ तास मिळाले. ज्यांच्या अर्जात विवर्तनाचे, म्हणजे क्ष-किरणांच्या ठिपक्यांचे, एक तरी चित्र असते त्यांचा अर्ज तज्ज्ञ समितीपुढे उभा राहतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचे कमकुवत चित्रही जोडावे.

स्फटिक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात गोठवून पाठवावे लागतात. त्यासाठी केसाएवढ्या बारीक धाग्याच्या फासात स्फटिक उचलायचा, ग्लिसरॉलमध्ये बुडवायचा आणि क्षणात नत्रात टाकायचा. (या फासालाही लूपच म्हणतात आणि माझ्या वहीत दोन्ही लूपांचा इतका गोंधळ झाला की पुढे मी विकरातल्या लूपला झाकण म्हणू लागले.) सोळा खाचांच्या दोन चकत्यांत बत्तीस स्फटिक बसले. ते ज्या भांड्यातून जातात त्यात नत्र शोषून घेतलेले असते, ते सांडत नाही, आणि नेमके हेच घोषणापत्रात स्पष्ट लिहावे लागते. आमच्या भांड्यावरची जुनी चिठ्ठी काढायची राहिली होती, त्यामुळे वाहतूक कंपनीने ते दोन दिवस अडवून ठेवले. पाठवण्याआधी भरलेले भांडे रोज वजन करून किती नत्र उडते ते पाहिलेले असल्यामुळे ते किती दिवस तग धरेल हे मला ठाऊक होते, नाहीतर ते दोन दिवस मला झोप लागली नसती.

त्या रात्री मी घरच्या संगणकावरून यंत्रमानवाला आज्ञा देत होते. पहिल्या नऊ स्फटिकांनी काहीच दिले नाही. पुढच्या चौदांत बर्फाची वलये होती किंवा ठिपके पसरट होते. चोविसाव्याने पहाटे साडेतीनला २.१ अँगस्ट्रॉमपर्यंत स्वच्छ ठिपके दिले (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश; हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट दिसते). स्फटिक एकेका अंशाच्या दहाव्या भागाने फिरवत ३,६०० चित्रे घेतली, प्रत्येकी ०.०२ सेकंद, म्हणजे सगळी मिळून ७२ सेकंद. अकरा महिन्यांच्या कामातून हाती आलेले मोजमाप एवढ्या वेळात उरकले आणि मला त्याचे कौतुक वाटण्याऐवजी पोटात गोळा आला, कारण आता चुकीचे खापर फोडायला स्फटिक उरला नव्हता.

मोजमापात ठिपक्यांची तीव्रता मिळते, पण लहरींची कला (फेज) मिळत नाही, आणि कलेशिवाय अणू कुठे आहेत ते दाखवणारा घनतेचा नकाशा काढता येत नाही. ती ओळखीच्या रचनेवरून उसनी घेण्याची पद्धत रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांनी १९६२ मध्ये मांडली. मी उसनवारीसाठी अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेली रचना घेतली. स्फटिकात पुनःपुन्हा येणाऱ्या खोक्याच्या बाजू ८४, ११८ आणि १३५ अँगस्ट्रॉम होत्या आणि त्यावरून खोक्याच्या चतुर्थांशात चार उपघटक मावतात असा हिशेब निघत होता. मी चौघांची जोडणी एकदम ठेवून शोध लावला आणि तीन दिवस काही जुळले नाही. एकच उपघटक घेऊन, वर्तवलेल्या रचनेतले कमी खात्रीचे भाग छाटून आणि तिन्ही अक्षांच्या सगळ्या शक्यता तपासायला सांगून पुन्हा शोध लावल्यावर वीस मिनिटांत चारही जागा सापडल्या. शोधाचा गुण आठच्या वर गेला की उत्तर बहुधा बरोबर असते, माझा ३१ होता.

यानंतरचे काम सर्वांत फसवे आहे. नकाशा उसन्या कलेवर काढलेला असल्यामुळे आपण जे प्रारूप घातले त्याच्यासारखाच तो दिसतो. म्हणून सुरुवातीलाच पाच टक्के ठिपके बाजूला काढून ठेवतात आणि सुधारणेत ते वापरत नाहीत. प्रारूप त्या न पाहिलेल्या ठिपक्यांशी किती विसंगत आहे ते आर-फ्री हा आकडा सांगतो. माझा ०.४१ पासून निघून मे महिन्यात ०.२२ वर आला. सक्रिय स्थानात, जिथे ऑक्झामेट असायला हवे तिथे, घनतेचा एक गोळा होता. मी तिथे ऑक्झामेट बसवले. ते बसले. मी गटाच्या बैठकीत ते चित्र दाखवले आणि सगळ्यांनी मान डोलावली.

पण झाकण उघडेच होते. चारही उपघटकांत ते उघडे होते, आणि आत ऑक्झामेट असताना ते मिटायला हवे होते. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर सहा आठवडे होती आणि मी तिच्यासाठी कारणे शोधत राहिले. जूनमध्ये ऑक्झामेट काढून टाकून नकाशा पुन्हा काढला आणि त्या गोळ्याकडे पहिल्यांदाच मोकळ्या नजरेने पाहिले. ऑक्झामेट सपाट असते, हा गोळा चार टोकांचा होता. ऑक्झामेट ठेवले की त्याच्या एका टोकाला लाल आणि वरखाली हिरवे डाग येत होते, म्हणजे एकीकडे अणू जास्त आणि दुसरीकडे कमी. त्याच्या अणूंची थरथर दाखवणारे बी-आकडे शेजाऱ्यांच्या दुप्पट होते. सल्फेट ठेवल्यावर डाग गेले आणि बी-आकडे शेजाऱ्यांशी जुळले. स्फटिकाच्या द्रावणात सल्फेट १.८ मोलर होते आणि माझे ऑक्झामेट पाच मिलिमोलर, म्हणजे ३६० पट फरक. ज्या आर्जिनीनने पायरुव्हेटचे ऋणभारित टोक धरायचे तेच सल्फेटला धरून बसले होते. बैठकीत पुन्हा उभे राहून हे सांगणे मला अवघड गेले. कोणी काही बोलले नाही, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नंतर सांगितले की त्यांनी हेच एकदा छापून आल्यावर पाहिले होते.

सोपा उपाय म्हणून तयार स्फटिक सल्फेट नसलेल्या पीईजीच्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या) द्रावणात, भरपूर ऑक्झामेट घालून, ठेवले. तीन मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली ते आडवेतिडवे तडकले. पहिल्यांदा वाईट वाटले आणि मग लक्षात आले की झाकण मिटत असावे आणि मिटताना स्फटिकाची रचना मोडत असावी. तडकलेला स्फटिक हा माझ्याकडचा पहिला खरा इशारा होता. मग थेट पीईजी ३३५० मध्ये, सुरुवातीपासून ऑक्झामेट घालून आणि जुन्या स्फटिकांचे बीज वापरून नवे स्फटिक वाढवायला घेतले. ते ऑक्टोबरात आले, पातळ पापुद्र्यांसारखे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या दुसऱ्या बीमटाइममध्ये त्यांनी २.४ अँगस्ट्रॉम दिले. पहिल्यापेक्षा कमी स्पष्ट, पण तीन उपघटकांत झाकण मिटलेले होते आणि आत सपाट गोळा होता. आतले आर्जिनीन जागेवर आले होते. ज्याला सारे जण शार्कच्या क्रमांकाने १९५ वे हिस्टिडीन म्हणतात ते ऑक्झामेटकडे तोंड करून होते. या विकरावर काम करणाऱ्यांनी आपल्या जनुकाचे क्रमांक आणि शार्कचे क्रमांक असे दोन्ही एका तक्त्यात शेजारीशेजारी लिहून ठेवावेत, माझे दोन दिवस त्या घोळात गेले.

चौथ्या उपघटकाच्या झाकणापाशी शेजारच्या रेणूचा एक कोपरा घुसला होता, त्यामुळे ते मिटू शकत नव्हते आणि एका जागी स्थिरही नव्हते. नकाशात नऊ अमिनो आम्लांपुरते काहीच दिसत नव्हते. इतर तिघांतले झाकण नक्कल करून तिथे बसवणे एका मिनिटाचे काम आहे, आणि मी ते केलेही. बी-आकडे १२० च्या पुढे गेले आणि आर-फ्री किंचित वाढला. दोन दिवस तसेच ठेवून पाहिले आणि मग काढून टाकले.

जमा करण्याचे काम १८ एप्रिल २०२४ रोजी केले. प्रोटीन डेटा बँक त्यासाठी काही शुल्क घेत नाही. अणूंचे स्थान सांगणारी फाइल, ठिपक्यांच्या तीव्रतांची फाइल, स्फटिकाच्या द्रावणाचा तपशील, प्रमुख संशोधकाचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ओळख पटवणारा) आणि प्रथिनाचा पूर्ण क्रम, न दिसलेल्या भागासह, द्यावा लागतो. या शेवटच्या रकान्यात माझी जुनी चूक वर आली. नोंद तपासणाऱ्यांनी विचारले की एका जागी सार्वजनिक नोंदीत अ‍ॅलनीन आहे आणि तुमच्या रचनेत व्हॅलीन, ते मुद्दाम केलेले आहे का? नकाशात तिथे दोन जास्तीचे अणू दिसत होते म्हणून मी फेब्रुवारीत व्हॅलीन बसवले होते आणि कारण नंतर पाहू म्हणून सोडून दिले होते. उरलेल्या प्लाझ्मिडचा क्रम तपासून घेतला, तेव्हा डीएनएतही व्हॅलीनच निघाले. नकाशा बरोबर होता, प्लाझ्मिड सांगितले होते त्याहून वेगळे होते. सुदैवाने ती जागा सक्रिय स्थानापासून लांब, रेणूच्या पृष्ठभागावर आहे, पण नोंदीत ते लिहावे लागले आणि लेखातल्या एका तक्त्याखाली टीपही द्यावी लागली. पडताळणी अहवालात प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे शक्य आहेत ते दाखवणाऱ्या, जी. एन. रामचंद्रन यांच्या १९६३ च्या आलेखाबाहेर पडणारे एक अमिनो आम्ल दाखवले होते. ते सक्रिय स्थानाजवळ होते, नकाशात स्वच्छ दिसत होते, म्हणून ते तसेच ठेवले. अहवालातला प्रत्येक लाल ठिपका हिरवा करण्याच्या भरात प्रारूप वाकवू नये.

लेख स्वीकारला गेल्यावर नोंद खुली करायला सांगितले. नव्या नोंदी दर बुधवारी खुल्या होतात, आमची १२ जून २०२४ ला झाली. सकाळी मी ती फाइल उतरवून घेतली आणि वरचा मजकूर वाचत खाली गेले. रिमार्क ४६५ या मथळ्याखाली, प्रयोगात दिसली नाहीत अशा अमिनो आम्लांची यादी असते. तिथे ‘डी’ साखळीपुढे ती नऊ नावे एकाखाली एक छापली होती.